दावा पहिला

इझमीरच्या कोर्टात सकाळचे दहा,
आमच्या कुपवाडला साडेबारा.
कॉम्प्रेसर बंद. दारात अस्लम मुजावर उभा,
शेजारच्या शेडात कुणी ग्राइंडर लावू नये म्हणून.
मी इस्त्रीच्या शर्टात, खाली रोजचीच ग्रीसची पँट.
कॅमेरा कमरेच्या वरचंच बघतो.

मशीन बेदाण्याचे देठ काढतं.
एवढंच.
एवढ्यात अकरा वर्षं गेली.
रबराची बोटं, बोटांमागं स्प्रिंग;
साल फाटली की तासगावच्या सौद्यात
व्यापारी मूठ उघडून नुसतं बघतो,
आणि पुढच्या ढिगाकडं सरकतो.

मग अस्लमच्या साडूच्या पोरानं तिकडच्या प्रदर्शनातून व्हिडिओ धाडला.
मशीन निळं. आमचं पोपटी.
झाकण उघडलं तिथं मी चित्र थांबवलं:
सातव्या पट्टीत भोक लांबट.
माझं ड्रिल घसरलं होतं त्या दिवशी,
कानशीनं सावरून घेतलं, तसंच राहिलं.
त्यांनी माझं घसरणंसुद्धा उचललं होतं.
मी ओरडलो, हा घ्या पुरावा!
पुण्याच्या देवस्थळीबाई शांतपणे म्हणाल्या,
भूपालराव, चूक पेटंटात लिहिलेली नाही.

पेटंट म्हणजे शिवेवरचा म्हसोबा.
शीव ओलांडली की त्याचा कोप चालत नाही,
पलीकडं वेगळा दगड, वेगळा शेंदूर, वेगळा नारळ.
तिकडचाही नारळ मी फोडला होता, वेळेत, लेथ विकून.
आता कोप व्हावा म्हणून पुन्हा पैसे:
वकीलपत्र, त्यावर मंत्रालयाचा शिक्का,
परका वादी म्हणून आधी अनामत,
आणि भाषांतर, पानागणिक.

जनावराला दावं, मशीनला दावा.
आमचा दावा पहिला मी मराठीत लिहिला होता,
चौगुले ट्रेडर्सच्या कॅलेंडरामागं:
बोटं देठ धरतात आणि बेदाणा अलगद सोडतात.
पुण्यात त्याचं इंग्रजी झालं, कमी जोरानं.
तिकडं गेल्यावर तुर्की झालं, झायिफ.
अस्लमनं कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.
"जईफ? मालक, बोटं म्हातारी केली की ओ आपली!"

आणि समोरचा वकील नेमका तिथंच बसलाय.
आमच्या अशिलाची बोटं दुबळी नाहीत, तो म्हणतो,
चांगली दणकट आहेत. सबब
आमचं मशीन या दाव्यात बसतच नाही.

न्यायाधीशबाई चष्मा काढून विचारतात
(दुभाषी बाई इंग्रजीत, देवस्थळीबाई मराठीत,
प्रश्न माझ्यापर्यंत येईतो निम्मा झालेला):
सोडतात म्हणजे किती जोरानं?

किती?
स्प्रिंगचा आकडा फायलीत आहे, तो मी सांगितला.
मग टेबलावरचा बेदाणा उचलला, सावळजचा, हिरवा,
काडीसकट,
आणि कॅमेऱ्यापुढं दोन बोटांनी देठ काढून दाखवला.
त्यांच्या पडद्यावर काय दिसलं असेल?
एक ठिपका, हलणारा.

दुभाषी बाई थांबली.
कागदाकडं बघितलं नाही तिनं, माझ्या बोटांकडं बघितलं,
आणि बाईंना एकच शब्द म्हणाली:
नाझिक.

दारातून अस्लम मोठ्यानं बोलला, "नाजूक! बरोबर!"
कोर्टात बोलायची परवानगी त्याला नव्हती.
समोरचा वकील उठलाच,
हा शब्द दाखल कागदात नाही.
तेही खरं.
न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं,
शब्द की हरकत, ते इथून दिसलं नाही.

पुढची तारीख नोव्हेंबरात. तोवर तिकडचा हंगाम संपतो,
निळी मशीनं विकून होतात.
देवस्थळीबाई म्हणाल्या, तज्ज्ञ नेमतील, खर्च निम्मा आपला.
मी बरं म्हणालो.

अस्लमनं कॉम्प्रेसर चालू केला.
मी शर्ट काढून खुंटीला लावला.
तो बेदाणा टेबलावरच होता,
साल शाबूत.
खाल्ला.